पाणी न घालण्याचा हंगाम

१७ फेब्रुवारी, मंगळवार. स्थळ: पाथर्डी तालुक्यात, गावापासून थोडी बाजूला असलेली एक वस्ती. हजर: गयाबाई, त्यांचे यजमान भानुदासभाऊ, शेजारच्या वस्तीवरून सावडीने आलेल्या दोघी जावा (आज त्या इथे राबणार, परवा गयाबाई त्यांच्या रानात) आणि मी. निमंत्रण देऊनही गैरहजर: माझे प्रकाशक. त्यांनी पुण्याहून कळवलं, "ज्वारीचं तुम्ही बघा, पुस्तकाचं मी बघतो. शेवटचं प्रकरण तेवढं पाठवा."

बरोबर आणलेलं सामान: दोन रंगांची सुतळी, खुणेच्या चिठ्ठ्या, धुतलेली पोती, वजनाचा ताणकाटा, उन्हाची टोपी, अंगाला खाज सुटली तर लावायला खोबरेल. विसरलेलं काही नाही. पहाटेच्या एसटीने निघाले. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण गयाबाई फोनवर अजून "नगरास्नं कवा निगालात" असंच विचारतात.

रब्बीची ज्वारी इकडे मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ज्वारीचं ताट धरायचं, कंबरेतून मागे झुकायचं आणि झटका द्यायचा. काळ्या रानाला या दिवसांत हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. मूळ सुटतं तेव्हा जुन्या पोत्याची शिवण उसवावी तसा कोरडा आवाज होतो. चार माणसं ओळीने उपटू लागली की तो आवाज रानभर पसरतो. मग कडब्याचा गोडसर वास, मानेवर बसणारी बारीक, खाजरी कूस, तळहातांची आग. एखादं ताट सहज हातात येतं तेव्हा बरं वाटण्याऐवजी मला धास्ती वाटते, कारण सहज आलेलं ताट बहुधा बुडाशी कुजलेलं असतं. ही धास्ती जुन्या नोकरीची आहे. नोकरी सुटली, ती राहिली.

मी ज्वारीची पैदासकार होते. म्हणजे चांगल्या ताटाचं चांगल्या ताटाशी लग्न लावून द्यायचं आणि मग पुढच्या सात-आठ पिढ्या त्यांच्या लेकरांची परीक्षा घेत बसायचं. हिवाळ्याच्या सकाळी फुलोऱ्यातल्या रानातून फिरताना बाह्यांवर पिवळे परागकण बसत. घरी आल्यावर आई म्हणे, "हळदीच्या कार्यक्रमाला गेली होतीस का?" आता मी कादंबऱ्या लिहिते. विज्ञानावरच्या, असं सांगितलं की लोक विचारतात, यान कुठल्या ग्रहावर उतरतं? माझ्याकडे यान नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत प्रयोगशाळेतला ओव्हन बिघडतो आणि तो दुरुस्त होईपर्यंत पुस्तक संपतं. दुसरीत दोघी संशोधक एका सूक्ष्मदर्शकाच्या पाळीवरून बोलेनाशा होतात. दोन्ही पुस्तकं बऱ्यापैकी खपली. प्रकाशकांना त्याचं अजून आश्चर्य वाटतं. दर वेळी ते म्हणतात, "मॅडम, पुढच्या वेळी निदान एक शोध तरी लागू द्या."

तिसरी कादंबरी या रानाची आहे. ती शेवटच्या प्रकरणाला येऊन थांबली आहे, आणि का थांबली ते सांगायचं तर त्या जुन्या हंगामाकडे जावं लागतं.

तेव्हा माझे केस काळे होते आणि गयाबाई मला "म्याडम" म्हणायच्या. पाऊस हस्तातच आटोपला होता. पेरणी ओलीवर झाली, आणि त्यानंतर आभाळाने या रानाकडे पाहिलं नाही. आमच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट होती. आम्ही शोधत होतो असं वाण, जे जमिनीतल्या शिल्लक ओलीवर दाणा भरेपर्यंत पानं हिरवी ठेवील. बहुतेक ताटं दाणा भरायच्या वेळी खालून पिवळी पडत जातात, मग बुडाशी काळी होतात आणि आडवी होतात. शेवटपर्यंत हिरवं राहणारं ताट सापडावं म्हणून आधी कोरडं रान लागतं. त्यात कोण मरतं ते गुपचूप उभं राहून पाहायचं असतं. संशोधनातलं हे काम कुणी पोस्टरवर छापत नाही.

भानुदासभाऊंनी चाचणीला रान दिलं होतं. रानात अनेक वाणांचे पट्टे होते, मधे मधे तुलनेसाठी इकडची नेहमीची मालदांडी. त्यातलं एक वाण याच गावात आढ्याला टांगलेल्या कणसांतून निवडलेलं होतं. बी थोडंच होतं म्हणून त्याला एकच पट्टा मिळाला, तोही अगदी वाटेवर, जिथून वस्तीत शिरायचं. दुसऱ्याचे पराग बसू नयेत म्हणून मी त्याच्या काही कणसांवर कागदी पिशव्या चढवल्या. गयाबाईंनी त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं टोपीवाली.

गयाबाईंचं त्या वर्षी घरी असणं ही साधी गोष्ट नव्हती. दिवाळी झाली की या भागातलं अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं भरून वस्त्या रिकाम्या होतात. लग्न झाल्यापासून गयाबाई दर साल जात होत्या. आपल्या रानातली ज्वारी त्यांना पेरणीला दिसे आणि नंतर थेट पोत्यात. चाचणीची राखण मिळाली म्हणून त्या साली नवरा-बायको दोघं थांबले, आणि गयाबाईंनी पहिल्यांदा ज्वारीचं पोटऱ्यात येणं, फुलणं, दाणा धरणं रोज जवळून पाहिलं. दाण्यात दूध भरलं तेव्हा त्यांनी मला फोन केला होता. बोटाने चेपून पाहिलं म्हणाल्या, पांढरं निघालं. आवाज असा, की जणू ही बातमी मला त्यांच्याकडूनच कळत होती.

मग शिवारफेरी ठरली. आमचे वरिष्ठ, इतर केंद्रांवरचे संशोधक, आसपासचे शेतकरी असे बरेच जण गाड्यांतून येणार होते. त्या सकाळची थंडी मला अजून आठवते. अंगणात आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या धगीत कणसं भाजून हातावर चोळून हुरडा निघत होता, त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पाहुणे तोंड भाजत खात होते. मग सगळे रानाकडे वळले, आणि पहिल्याच पट्ट्याशी थांबले.

टोपीवाली हिरवी होती. शेजारची मालदांडी खालून अर्धी वाळली होती, पलीकडचे दोन पट्टे आडवे झाले होते, आणि ही खालच्या पानापर्यंत हिरवी, ताठ उभी. आमचे सर पुढे झाले. पान दोन बोटांत धरून म्हणाले, "बघा. याच्यासाठी आपण इतकी वर्षं चालतोय." फोटो निघाले. इतका आनंद झाला की मी पटकन पुढच्या कामांची मनात यादी करायला लागले. मला आनंद झाला की असंच होतं.

मागून गयाबाई चहाची किटली घेऊन आल्या. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर घरच्या लेकीचं कौतुक ऐकतानाचं हसू.

"व्हय, लई जपलंय तिला," त्या सरांना म्हणाल्या. "रोज सांच्याला दोन दोन हंडे घालतीय मी."

सरांनी पान सोडलं. "काय घालताय?"

"पानी."

"आणि बाकीच्या पट्ट्यांना?"

"सगळ्यांना कुटलं पुरनार? हिरीनं तळ गाठलाय. हीच तेवढी वाटंवर हाय. तुमी पाव्हनं येनार, आन् दारातच वाळलेलं पीक दावायचं व्हय? लोक काय म्हनतील, ह्यांच्या घरात बाईमानूस हाय का न्हाई?"

कुणी हसलं नाही. सरांनी कप पुढे केला, गयाबाईंनी चहा ओतला, सरांनी तो संपवला आणि "चांगला झालाय" म्हणाले. मग सगळे पुढच्या पट्ट्याकडे चालू लागले.

त्या वर्षीच्या अहवालात याची नोंद एका ओळीत झाली: सिंचन झाल्यामुळे एक पट्टा वगळला. वगळलेल्या वाणाला पुढच्या साली जागा मिळत नाही, रांगेत दुसरी उभी असतात. चाचण्याही पुढे दुसऱ्या गावात गेल्या. यात कुणाचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. अहवालाला जे हवं होतं ते त्या ओळीत होतं. पण दोन हंडे नव्हते, तळ गाठलेली विहीर नव्हती, पाहुण्यांपुढची लाज नव्हती, घरी राहिलेल्या बाईने पहिल्यांदा चेपून पाहिलेला दाणा नव्हता. प्रयोगातून वगळलेलं कुठे ठेवायचं, हा प्रश्न मी बरीच वर्षं बरोबर घेऊन फिरले. ही कादंबरी लिहायला बसले ती याच प्रश्नामुळे. स्वतंत्र लेखनासाठी मी नोकरी सोडली तेव्हा सर म्हणाले होते, "तिकडे पुरावा लागत नाही, मजा आहे तुमची." ते चुकले. पुरावा तिकडेही लागतो, फक्त तो कुणी मागत नाही. आपणच मागायचा असतो.

वगळलेल्या पट्ट्याचं पीक रानमालकाचं. ऊसतोड सोडून घरीच राहिलेल्या गयाबाईंनी टोपीवालीचं बी वेगळं ठेवलं आणि दर साल बांधाकडेला तिच्या चार ओळी लावून त्यांना पाणी घातलं. मी दर साल हुरड्याला यायची. हुरड्याच्या आधी फुलोऱ्यात एक फेरी मारून काही कणसांना पिशव्या बांधायची, म्हणजे बी शुद्ध राहावं. असं का करायचं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. "तुमची सवय जायाची न्हाई," भानुदासभाऊ म्हणत, आणि शिडी धरून उभे राहत. ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, आणि मी उंच नाही.

गेल्या साली हुरड्याला आले तेव्हा पिशवीत कादंबरीचा खर्डा होता. गयाबाईंना मी शब्द दिला होता, तुम्ही ऐकल्याशिवाय तुमच्यावरचं काही छापणार नाही. दुपारी अंगणात बसून शिवारफेरीचं प्रकरण मी वाचून दाखवलं. गयाबाई तूर पाखडत ऐकत होत्या. चहाचा प्रसंग आला तेव्हा भानुदासभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. गयाबाईही हसल्या. वाचून झालं. त्या थांबून राहिल्या.

"पुढं?"

"पुढे नाही. पट्टा वगळला. तिथंच संपतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "सगळं खरंय. तसंच झालं हुतं. पन ताई, मंग ह्या पुस्तकात मी नुसतीच चुकले व्हय? साऱ्या म्हाराष्ट्रात मीच ती पानी घालनारी बाई?"

"तुम्ही चुकला असं कुठं लिहिलंय मी?"

"लिवायला कशाला पायजे? दिसतंय की." मग जरा वेळाने, "मला येक सांगा. मी पानी घातलं नसतं तर ती जगली असती का?"

"माहीत नाही."

"आसं कसं? तुमी शिकलेल्या."

"त्याच वर्षी कळणार होतं, गयाबाई. पाणी घातलं म्हणून कळलं नाही."

"मंग दोन्हीतलं येक लिवा. जगली नसती, आसं लिवा. मंजे मी तिला वाचवली."

भानुदासभाऊ म्हणाले, "लिवा की ताई. कोन बगायला येतंय हितं?"

खरं सांगायचं तर प्रकाशकांनी यापेक्षा वेगळं काही सुचवलं नव्हतं. त्यांना हवा होता शेवट असा: बाईच्या पाण्याने वाचलेल्या पट्ट्यातून पुढे एक नामांकित वाण निघतं, आणि सर तिच्या दारात येऊन तिला नमस्कार करतात. "वाचक रडेल," ते म्हणाले होते. रडेल की. पण पाणी घातलेल्या ज्वारीतून दुष्काळात टिकणारं वाण निघालं असं मी लिहिलं, तर ज्यांनी आयुष्यभर कोरड्या रानात उभं राहून ताटं मोजली त्या सगळ्यांच्या कामाला मी खोटं म्हटल्यासारखं होतं. गयाबाईंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "न पाहिलेलं मी लिहू शकत नाही."

"मंग माजं नाव बी घालू नका. ते परकरन काडून टाका."

ते प्रकरण काढलं तर पुस्तकात उरतं काय, याचा हिशेब मी एसटीत बसून केला. काही उरत नाही. बाकीची सगळी प्रकरणं त्या दोन हंड्यांकडे चालत येतात.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "बी हाय घरात. पावसाळा झाल्यावर पेरू. औंदा पानी न्हाई घालत. मंग बगा आन् लिवा."

मी त्यांना सगळ्या अडचणी सांगितल्या. एका साली काही सिद्ध होत नाही. ते वर्ष आणि हे वर्ष सारखं नसणार. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमी येनार का न्हाई तेवढं सांगा."

ऑक्टोबरात पेरणी झाली. भानुदासभाऊ बैल हाकत होते, आणि गयाबाई पाभरीमागे चालत तिच्या चाड्यात, म्हणजे लाकडी नरसाळ्यात, मुठीने बी सोडत होत्या. माझ्या सांगण्यावरून टोपीवाली आणि मालदांडी शेजारी शेजारी, रानात तीन वेगळ्या ठिकाणी पेरली: वरच्या हलक्या रानात, मधल्या पट्टीत, खाली भारी काळीत.

"तीन जागी कशाला?" गयाबाई.

"एका जागी झालं तर नशीबही असू शकतं."

"नशीब बी मोजता व्हय तुमी?"

"तेवढंच तर मोजायचं असतं. ते वजा केल्यावर जे राहील ते ज्वारीचं."

त्यांची चाड्यावरची मूठ अधिक सावकाश झाली.

मला वाटलं होतं अवघड भाग माझा आहे, आखणी, खुणा, नोंदी. तो सोपा निघाला. डिसेंबर सरता सरता एका दुपारी ढग आले, तर आम्हा दोघींचा जीव वर-खाली. शिंतोडा जरी पडला असता तरी सगळं वाया गेलं असतं. भानुदासभाऊ गावात सांगत सुटले, "साऱ्या तालुक्याला पानी पायजे, आन् आमच्या घरात ढग दिसला की दोन बायका शिव्या देत्यात." ढग आले तसे निघून गेले.

मग जानेवारीत रान खरोखर सुकू लागलं. गयाबाईंचा फोन येई. सुरुवातीला रोज, मग दिवसातून दोनदा.

"ताई, दुपारची पानं गुंडाळत्यात."

"गुंडाळू द्या."

"सकाळी बी उलगडली न्हाईत आज."

"बरं."

"बरं काय? खालची दोन पिवळी झाली. हीर भरलीय औंदा. हंडा भरून ठिवलाय दारात, नुसता वतायचा."

"गयाबाई, घालायचं असेल तर घाला. रान तुमचं आहे. मी काही म्हणणार नाही. फक्त घातलं तर सांगा."

मग, "मी घोडेगावला लेकीकडं चालले. हितं ऱ्हायले तर हात थांबायचा न्हाई." आणि त्या खरंच गेल्या. दाणा भरायचे ऐन दिवस त्यांनी लेकीच्या घरी म्हशींच्या शेणामुतात काढले. जाताना नवऱ्याला बजावून गेल्या, रानाकडे हंडा न्यायचा नाही. भानुदासभाऊंनी मला फोन करून तक्रार केली, "माज्यावर इस्वास न्हाई तिचा. मी तवा तरी पानी घातलं हुतं का?" परत आल्यावरही गयाबाई विहिरीवर जाताना लांबून वळसा घालून जात, रान दिसू नये म्हणून.

मी बऱ्याच हुशार माणसांबरोबर काम केलं आहे. कोरड्या रानात हात बांधून उभं राहणं त्यांनाही जमलं आहे, कारण ते रान त्यांचं नव्हतं. मलाही जमलं ते त्यामुळेच. आपल्या रानात, भरलेली विहीर शेजारी असताना, हंडा दारात असताना थांबायचं म्हणजे काय, हे मला कादंबरीत कुठेही लिहिता आलेलं नव्हतं, कारण ते मी पाहिलंच नव्हतं. शेवटचं प्रकरण अडलं होतं ते निकालासाठी, असं मी धरून चालले होते. जानेवारीत मला शंका यायला लागली की मी चुकीच्या गोष्टीची वाट पाहते आहे.

प्रकाशकांचा धीर तेवढा नव्हता. "दोन शेवट लिहून ठेवा ना," ते म्हणाले. "जगली तर हा, मेली तर तो. निकाल आला की लावून टाकू. छपाईची तारीख हातची जायला नको." सूचना व्यवहारी होती आणि मी व्यवहारी बाई आहे. एका दुपारी टेबलाशी बसले, दोन कोरे कागद समोर घेतले. दोन्ही शेवट डोक्यात तयार होते, वाक्यं सुद्धा. पण कागदाला पेन लागेना. चाचणी उभी असताना निकाल लिहिणाऱ्या माणसाला आमच्याकडे एक शब्द होता, आणि तो कुणी चारचौघांत उच्चारत नसे. मी कागद परत गठ्ठ्यात ठेवले आणि भाजी निवडायला घेतली.

आणि आजची ही सकाळ.

आधी वरचं हलकं रान काढलं. तिथे मालदांडी पार गेली होती आणि टोपीवाली अर्धीअधिक उभी होती, वरची तीन-चार पानं हिरवी. गयाबाई महिनाभरात पहिल्यांदा तिच्याजवळ गेल्या. पान बोटांत धरलं. "बिगर पान्याची जगली की गं बया," त्या जावांना म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून, जरा पडक्या आवाजात, "मंजे मी उगाच घातलं हुतं."

मधल्या पट्टीत दोन्ही सारख्याच दिसत होत्या. खालच्या भारी काळीत, जिथे मला सगळ्यात जास्त आशा होती, तिथे टोपीवालीची बरीच ताटं आडवी पडलेली. भानुदासभाऊंनी एक ताट मोडून दाखवलं. बुडाशी आतून काळं, भुसभुशीत. गयाबाईंनी तेही हातात घेतलं, आतली काळी भुकटी बोटाने खरवडली.

"हितं मेली."

"हो."

"आन् तिथं जगली."

"हो."

"मंग काय म्हनायचं?"

"दिसण्यावरून काही म्हणायचं नाही. आडव्या पडलेल्या ताटालाही कणीस आहे. सगळी कणसं वेगवेगळी वाळवायची, मळायची, दाण्याचं वजन घ्यायचं. मग एवढंच म्हणता येईल की औंदा, या रानात, असं झालं."

"आन् नक्की कळायला?"

"अजून निदान दोन हंगाम."

जावांतली थोरली म्हणाली, "आत्याबाई, ह्या ताई तुमाला म्हातारपनी कॉलेजात घालनार." सगळ्या हसल्या. गयाबाई हसल्या नाहीत. त्या बाभळीखाली जाऊन बसल्या, तांब्यातलं पाणी प्यायल्या. मीही जवळ बसले. काय बोलायचं ते मी एसटीत ठरवून आले होते. निकाल काहीही लागो, शेवटच्या प्रकरणात मला काय लिहायचंय ते आता माहीत होतं.

"गयाबाई, मी असं लिहू का? की गयाबाईंनी पुन्हा पेरलं, विहीर भरलेली होती, आणि त्यांनी पाणी घातलं नाही. वजन किती भरलं ते लिहायचंच नाही. पुस्तक तिथं पुरं होतं. तुम्ही हो म्हणालात तर उद्या पाठवते, छपाईची तारीख अजून हातात आहे."

मला वाटलं होतं त्यांना आवडेल. यात त्या नुसत्या चुकलेल्या नव्हत्या. खोटंही काही नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच हंडा उचलला होता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "वजन झाल्याबिगर येक अक्षर लिवायचं न्हाई."

"पण वजनाने नक्की काही कळणार नाही, हे आत्ताच सांगितलं ना तुम्हाला."

"न्हाई कळंना का. घोडेगावात ऱ्हायले मी, सुनंसारकी राबत लेकीच्या घरी, ते काय निम्मं बगायला? जे निगंल ते लिवा. जास्ती निगालं तरी लिवा, कमी निगालं तरी लिवा. मी चुकले आसं निगालं तर तसं लिवा, माजं नाव घालून लिवा. पन आदी वजन."

"मग पुस्तक या साली निघणार नाही."

"मंग पुडच्या साली निगंल. ज्वारी काय पळून जातीय?"

मी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला. गयाबाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या, दोन्ही जावाही. मी सांगितलं, छपाईची तारीख सोडून द्या. ते म्हणाले, "म्हणजे निकाल लागला नाही?" मी म्हटलं, "कणसं ओली आहेत." ते म्हणाले की हे कारण त्यांना आजवर कुणा लेखकाने दिलं नव्हतं, आणि आता त्यांची पुढची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. मी म्हटलं, चालेल.

दुपारपर्यंत सगळी कणसं खुडून झाली. टोपीवालीच्या पोत्यांना हिरवी सुतळी, मालदांडीच्या पोत्यांना पांढरी, प्रत्येकात आत एक आणि बाहेर एक चिठ्ठी. गयाबाईंनी प्रत्येक गाठ ओढून पाहिली. खळ्यावर सहा ढीग वेगवेगळे पसरले, मधे हातभर अंतर, वाऱ्याने कणीस इकडचं तिकडे जाऊ नये म्हणून कडेला विटा. पाखरं हाकलायची पाळी भानुदासभाऊंवर आली. त्यांनी आधी कुरकुर केली आणि मग बाज उचलून सावलीत, ढिगांच्या बरोबर समोर टाकली.

ताणकाटा गयाबाईंनी घरात खुंटीला टांगून ठेवला आहे. कणसं वाळायला आठवडा तरी जाईल, ऊन असंच राहिलं तर. मग मळणी, उफणणी, दाणा पुन्हा एक दिवस उन्हात. मी परत यायचं आहे. वजन राहिलं आहे.